कळलावीवरचा आळ

सावरवाडीच्या उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा पहिला महिनाभर मला गावातल्या बायकांच्या पाठीच दिसल्या. मी गल्लीत वळले की उंबऱ्यावर बसलेल्या बायका उठून आत जायच्या, कडी लागल्याचा आवाज यायचा. मी दार वाजवलं की आतून उत्तर यायचं, "घरात कुणी न्हाई." आतलीच बाई सांगायची, घरात कुणी नाही म्हणून.

सावरवाडी हे खरं नाव नव्हे. येलदरीच्या अलीकडे, डोंगराच्या उताराला चिकटून असलेलं एक गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. त्यांची नातवंडं आता शिकली, दिवाळी अंक वाचतात, आणि मी सांगणार आहे त्यातलं काही त्यांच्या घरात अजून कुणी बोललेलं नसेल.

त्या काळी गावची नर्स म्हणजे काय, ते आधी सांगते. पत्र्याची एक खोली. तिच्यात एक लोखंडी कपाट, एक स्टोव्ह, काचेच्या दोन सिरिंजा. त्या उकळायच्या, सुई दगडावर घासून धार लावायची आणि पाच गावं पायी फिरायची. बाळंतपणं करायची, लेकरांना टोचायचं, विहिरीत पावडर टाकायची. शिवाय कुटुंब नियोजनाचं काम होतं, आणि त्यानं बाकीची सगळी कामं नासवली होती. वरून सांगितलेला आकडा भरायचा असायचा. त्यामुळे ज्या बाईला तापाची गोळी द्यायला जावं, तिची नजर माझ्या तोंडाकडे नसायची, पिशवीकडे असायची. ह्या पिशवीत पाळणा थांबवायची तार आहे आणि नर्स ती झोपेत पोटात घालते, अशी पक्की खबर पाचही गावांत होती.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला माझ्याकडे नरसाळ्यासारखी एक नळी होती. एका आजीबाईंनी ती दोन्ही टोकांनी निरखून विचारलं, "ह्यातून लेकरू वढून काढतेत का?" मी त्यांच्या सुनेच्या पोटावर नळी ठेवून त्यांनाच कान लावायला सांगितलं. आजी दोन मिनिटं हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माय, घोडं पळायलंय की!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी बाहेर पडले तशी आतून त्यांचाच आवाज आला, "बाई भली हाय, पर तिच्या हातची गोळी खाऊ नकु."

माझ्याबद्दल संशयाला इतरही कारणं होती. नवरा पूर्णेला रेल्वेत, मुलगा माझ्या आईकडे, मी इथं एकटी. म्हणजे नवऱ्यानं टाकली असणार. माझं माहेर पेडगावचं, वडील शाळामास्तर, आणि छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी चौथीत होते. हे गावाला मी यायच्या आधीच ठाऊक होतं. अडलेली बाळंतीण सोडवायला माझा हात चालायचा. नंतर मी पाणी मागितलं की तांब्या उंच धरला जायचा.

पण संशय काही एका बाजूनं नव्हता. मलाही त्या गावात एका माणसाचा संशय होता, पहिल्या दिवसापासून. ती म्हणजे धोंडामाय.

धोंडामाय गावची सुईण. साठीची, विधवा, उंच, पायात कधी चप्पल नाही. डोंगराच्या पायथ्याला अर्धा एकर खडकाळ तुकडा आणि एक झोपडी, एवढंच तिचं. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्माला आलेली. मी नवी, शिकलेली, सरकारी. बाळंतपणं माझ्या वहीत लागायला हवी होती आणि बायका बोलवायच्या तिला. ती नाळ विळ्यानं कापते, वर राख लावते, त्यातून धनुर्वात होतो, असं मी घरोघर सांगत सुटले. सांगत होते ते खरंच होतं. पण धोंडामाय माझ्या सांगण्यावरून विळा उकळून घ्यायला लागली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या पावसाळ्यातली एक गोष्ट. श्रावणात डोंगराचा सगळा उतार पेटल्यासारखा दिसायला लागला. जवळ जाऊन पाहिलं तर वेली होत्या. पानाचं टोक बारीक तारेसारखं वळलेलं, त्या तारेनं शेजारच्या बोरीला, करवंदीला धरून वेल वर चढलेली. आणि फुलं! सहा लांब पाकळ्या, कडांना लाटा, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक, सगळ्या मागं वळून वर उठलेल्या. चुलीतल्या जाळासारख्या. मी एक फांदी आणून उपकेंद्राच्या खिडकीत बाटलीत ठेवली. धोंडामाय रस्त्यानं चालली होती, ती थांबली.

"बाई, ती कळलावी हाय. घरात ठिवू नका."

"का? भांडणं लागतात?" मी हसत विचारलं. पेडगावलाही म्हणायचे तसं.

"भांडणाचं मला ठावं न्हाई. पर तिच्या कांद्यात जहर हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला वाटलं, मला घाबरवते आहे.

पुढच्या वर्षी पाऊस पडलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ. त्या श्रावणात डोंगर काळाच राहिला, वेली वीतभर आल्या आणि वाळून गेल्या. दिवाळीनंतर उतारावर दुष्काळी काम निघालं. बांध घालायचे, चर खोदायचे. सगळं गाव, सुना-सासवांसकट, कुदळ-घमेलं घेऊन डोंगरावर. माझं काम वाढलं, कारण अशा वर्षी नर्सला सगळ्यात भीती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. विहिरींचा तळ दिसायला लागला होता. त्या गढूळ पाण्यात मी रोज पावडर टाकायचे आणि रोज वाट पाहायचे, पहिली उलटी कुठल्या घरात होते त्याची.

एका सकाळी, दिवस उगवता उगवता, गंगाबाई धावत आली. बऱ्यापैकी जमीन असलेल्या कुणबी घरातली ही बाई, कधी माझ्या दारात उभी राहिली नव्हती. "चला जल्दी. कौशी वकायलीय. परसाकडंला रगत पडायलंय."

कौसल्या तिची थोरली सून. वीस-एकवीसची, दोन मुली झालेल्या, आता पाचवा महिना. मी तिचं मनगट धरलं. डोळे खोल गेलेले, नाडी बारीक, पायांत गोळे. ओठ चाटत होती, घशात आग होते म्हणत होती. मी पटकी धरूनच चालले. पण घरात दुसरं कुणी आजारी नव्हतं. गल्लीत नव्हतं. त्याच विहिरीचं पाणी सगळे पीत होते. पटकी एका माणसावर थांबत नाही.

"काल काय खाल्लं हिनं?" मी विचारलं.

"घरात हाय काय खायला? रेशनच्या मिलोची भाकर. आमी बी तीच खाल्ली," गंगाबाई म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, "सांजच्याला धोंडामाय आली व्हती. तिनं काय तरी पाजलं. रातभर निस्त्या उलट्या."

तेवढं मला पुरलं.

आमच्या कामात रोग्याच्या नातेवाइकाला पहिला प्रश्न विचारायचा असतो, सुरुवात कधी झाली? प्रशिक्षणात आमच्याकडून तो घोकून घेतला होता. उलट्या धोंडामाय यायच्या आधी सुरू झाल्या की नंतर? आणि आधी काही झालंच नव्हतं, तर तिला बोलावलं कशासाठी? मी विचारलं नाही. मला उत्तर मिळालं होतं, आणि ते मला हवं होतं तेच होतं.

निरोप पाठवला, आरोग्य केंद्राची जीप आली, कौसल्येला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी तिच्याबरोबर गेले नाही. मी धोंडामायच्या झोपडीकडे गेले.

ती दारात बसून दोर वळत होती. मी म्हटलं, "तुमचं सामान दाखवा. तपासायचंय." सुईणींचं सामान तपासायचा मला हक्क होता. तिनं मानेनंच आत खूण केली. कोनाड्यात एक गाठोडं होतं. त्यात विळ्याचं पातं, धुतलेल्या चिंध्या, दोरा, ओव्याची पुडी आणि फडक्यात गुंडाळलेला एक वाळलेला कंद. नांगराच्या फाळासारखा काटकोनात वळलेला. एका बाजूनं घासल्याच्या खुणा.

"हे काय?"

"कळलावीचा कांदा."

"कशाला ठेवता?"

"बाई अडली, कळा येईनात, तर उगाळून तळपायाला लावते. लेकरू आलं की लगीच धुऊन काढते. म्हणून तर कळलावी." तिनं दोरावरून नजर उचलली. "पोटात देत न्हाई, बाई. पोटात गेलं तर माणूस जातं."

म्हणजे हिला ठाऊक होतं. कंद कागदात बांधून मी तशीच चार कोस चालत आरोग्य केंद्रावर गेले. डॉक्टरसाहेबांनी तो उलटसुलट पाहिला, पुस्तक काढलं, लक्षणं ताडून पाहिली. "जुळतंय," ते म्हणाले. "पण दिला कुणी?"

मी बसून रिपोर्ट लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, वडिलांनी गिरवून घेतलेलं. त्या चांगल्या अक्षरात मी धोंडामायचं नाव लिहिलं.

कौसल्या वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही. आणि पंधरा दिवसांनी ती घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते. मूठमूठ गळून गेले होते. ह्या विषानं असं होतं, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण गावानं पदराखालचं ते डोकं पाहिलं आणि निकाल लावला, करणी. मी म्हणत होते विष, ते म्हणत होते करणी, बोट मात्र दोघांचं एकाच झोपडीकडे होतं. जमादारानं धोंडामायला चौकीवर नेऊन दिवसभर उन्हात बसवलं. ती एक अक्षर बोलली नाही. पुरावा नाही म्हणून संध्याकाळी सोडून दिलं. न बोलणं हाच मला तिचा सगळ्यात मोठा पुरावा वाटला.

मग मी चावडीवर गेले. जन्मात पहिल्यांदा त्या गावानं माझं बोलणं शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, ही वनस्पती शिवारात राहिली तर उद्या आणखी कुणी मरेल, मुळापासून काढून जाळा. सरपंच म्हणाले, "बाईचं बरोबर हाय. पर आता वाळल्या दिवसात ती दिसंल कशी? वर तर कायीच न्हाई."

"जिला ठावं हाय तिला चालवा म्होरं," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडामायला पुढं घालून पंधरा-वीस माणसं कुदळी, पहारी घेऊन डोंगर चढली. मागं मी, वही घेऊन. उतारावर काटक्यांशिवाय काही नव्हतं. धोंडामाय चालता चालता थांबायची, पायाच्या अंगठ्यानं जमीन दाखवायची. "हितं." माणसं खणायची. हातभर खाली तो वाकडा कंद निघायचा, प्रत्येक वेळी. पुन्हा चार पावलं. "हितं." एकही जागा चुकली नाही. दुपारपर्यंत ढीग झाला, त्यावर पऱ्हाट्या टाकून पेटवला. ओले कंद जळता जळेनात, नुसता धूर. धोंडामाय वाऱ्याच्या बाजूला उभी राहून पाहत होती. मी वहीत लिहिलं, विषारी वनस्पतीचे निर्मूलन करण्यात आले. तो शब्द लिहिताना मला अभिमान वाटला होता, हे लपवून काय उपयोग?

त्यानंतर बाळंतपणं माझ्याकडे यायला लागली. तांब्याही जरा खाली आला.

चैत्रात एका दुपारी कौसल्या उपकेंद्रात आली. एकटीच. अशक्तपणाची गोळी पाहिजे म्हणाली. मी गोळ्या काढल्या, तरी हलेना. डोक्यावर केसांचा मऊ काळा थर आला होता, त्यावरून पदर पुन्हापुन्हा ओढत होती.

"बाई, कुणाला सांगनार न्हाईत ना?"

"काय?"

"मह्या पोरींची शपथ घ्या."

"माझ्या मुलाची घेते. बोल."

ती भिंतीकडे तोंड करून बोलली. "धोंडामायनं मला कायी दिलं न्हाई. कामावर चर खंदताना एक कांदा निघाला. रताळ्यावानी. समद्या बाया भाकर शेकायल्या व्हत्या, मी लपून त्या राखत भाजला." ती थांबली. "घरी न्यायाला पायजे व्हता. सासू हाय, दीर हाय, मह्या दोन पोरी हायत. पर एक कांदा. कुणाच्या वाट्याला काय आलं असतं? अन् मला लय भूक लागली व्हती, बाई. पोटातलं बी मागायलं व्हतं. मी एकलीनंच खाल्ला. कडू लागला, तरी थुकवला न्हाई. निम्मा खाल्ला."

मी उठून दाराची कडी लावली.

"पोटातल्यासाठी खाल्ला, अन् पोटातलंच गेलं," ती म्हणाली. "सासूला कळलं तर म्हनंल, जानूनच खाल्लं. तिसरी बी पोरगीच व्हईल म्हणून पाडलं. मला ठिवून घेतील का घरात?"

"धोंडामाय का आली होती त्या संध्याकाळी?"

"उलट्या लागल्या म्हणून मीच बलावली."

पाच शब्दांचं उत्तर. त्या सकाळी मी विचारलं असतं तर गंगाबाईनंही दिलं असतं.

त्या दिवशी मी जेवले नाही. शपथ मोडली तर कौसल्या रस्त्यावर. नाही मोडली तर धोंडामाय आयुष्यभर चेटकीण. सकाळी उठून मी दुष्काळी कामावर गेले आणि चर खोदून वर टाकलेल्या मातीचे ढीग हातानं उकरत बसले. मुकादम म्हणाला, "बाई, काय हुडकायलाव?" मी उकरतच राहिले. तासाभरात तीन कंद सापडले. कुदळीनं तुटलेले, वाळलेले, तसेच वाकडे. धोंडामायला पुढं घालून आम्ही जो उतार खणला होता, त्याच्या पलीकडचा हा. इथं तिनं कुणाला आणलंच नव्हतं, इथं सरकारी कुदळ चालली होती.

ते तीन कंद घेऊन मी चावडीवर गेले. म्हटलं, हे कामावर उघडे पडलेत, रताळ्यासारखे दिसतात, लेकरं-बाया कुणीही खाऊ शकतं. कौसल्येच्या पोटात असाच कुठून तरी गेला असेल, भाकरीबरोबर, राखेतून, कसाही. धोंडामायनं दिला असं मी लिहिलं ते चुकीचं होतं. चूक माझी आहे.

 मग गंगाबाई पुढं आली. माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "तव्हा एक बोललाव, आता दुसरंच बोलायलाव. काय खाऊ घातलं तुमाला त्या थेरडीनं?"

मी जे पेरलं होतं ते माझ्या दारात उगवलं होतं. दारं पुन्हा लागली. निम्मं गाव म्हणे, दोघी मिळालेल्या आहेत. आरोग्य केंद्रावर जाऊन मी दुरुस्तीचं पत्र दिलं, तेव्हा डॉक्टरसाहेब बराच वेळ ते वाचत राहिले. "आणखी एक सांगतो," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी तिला कुणीतरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं होतं. परभणीच्या डॉक्टरांचं म्हणणं, त्यामुळेच बहुधा वाचली." मग पत्र फाइलला लावत म्हणाले, "आणि ह्याच विषापासून सांधेदुखीवरची गोळी होते, बरं का. डोस कळला पाहिजे, एवढंच." मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्टात लक्षणं लिहायची, सिस्टर. माणसाचं नाव लिहायची घाई करायची नाही."

शेवटी झोपडीकडे जाणं उरलंच होतं. धोंडामाय सुपात कसलंसं रानबी पाखडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही दिला नव्हता."

सूप थांबलं नाही. "कुणी सांगितलं तुमाला?"

"ते सांगता येणार नाही."

आता सूप थांबलं. तिनं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "मग बरं हाय," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"तिच्या तोंडाला राख व्हती. घसा जळायलाय म्हणायली. मी काय पैल्यांदा बगायले का? मीठपाणी पाजलं, जेवढं निघंल तेवढं काढलं."

"मग चौकीवर का नाही बोललात? डोंगरावर? एवढं सगळं होईपर्यंत?"

"बोलले असते तर तिला काढली असती घरातून. मह्यं काय काढनार? झोपडी?" ती पुन्हा पाखडायला लागली. "अन् तुमी मह्या गाठोड्याला इचारलं, बाई. मला कुठं इचारलं?"

मी तिथंच जमिनीवर बसले. तिनं मला ना बस म्हटलं, ना जा म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. श्रावण आला, डोंगर हिरवा झाला, आणि तो उतार हिरवाच राहिला. मी रोज पाहायचे. एक ज्वाळ उठली नाही. गुराखी म्हणाले, ह्या वर्षी फुलचुख्या, ती मध पिणारी इवली पाखरं, फिरकलीच नाहीत. मग एक वेगळीच गोष्ट झाली. दोन वर्षांनी शेजारच्या गावात एका लेकरानं असाच कंद चाखला. सुदैवानं थुंकला. त्याच्या आईला मी विचारलं, कळलावी ओळखता का? ती म्हणाली, "नाव ऐकलंय. कशी असती ती?" तरुण बायकांपैकी कुणालाच सांगता येईना. आमच्या उतारावर दाखवायला एक वेल नव्हती, आणि जमिनीखाली कुठे काय उरलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास एक व्यापारी यायला लागला. मोठ्या औषधी मालाच्या पेठेशी त्याचा संबंध होता म्हणे. कळलावीचं बी आणि कंद पोत्यानं पाहिजे, कुठं मिळेल, असं गावोगाव विचारायचा. बाजूच्या डोंगरांवर लोकांनी खणून खणून चाळण केली. आम्ही भीतीनं केलं होतं, ते दुसऱ्यांनी विक्रीसाठी केलं. वेलीला दोन्ही सारखंच. मी त्या माणसावर नजर ठेवून असायचे. कुणाच्या अंगणात बसतो, कुणाशी बोलतो. एकदा तो धोंडामायच्या झोपडीसमोर पायताणं काढताना दिसला आणि माझ्या मनात पुन्हा आलं, ही सांगेल का त्याला? सवय लवकर जात नाही.

त्या आठवड्यात धोंडामाय उपकेंद्राच्या दारात आली. म्हणाली, "उद्या सकाळी या. कौशीला बी बलावलंय."

आम्ही तिघी निघालो. गावाच्या मागच्या अंगानं, मग ओढ्यातून, मग एका अशा घळीत की जिथं मी चार वर्षांत गेले नव्हते. धोंडामायला आता दम लागत होता. एका कपारीला वळसा घालून ती थांबली.

एकच ठिकाण होतं, पण वेली पाच-सहा. करवंदीवर चढून वर गेलेल्या, आणि सगळ्या फुललेल्या. काही फुलं आजच उमललेली, अजून हिरवट पिवळी; काही दोन दिवसांची, कडेनं पेटलेली; काही पार लाल. उन्हाची तिरीप होती, एक फुलचुखी एका फुलावरून दुसऱ्यावर नाचत होती.

"त्या दिवशी आम्हाला इथं आणलं नव्हतंत," मी म्हटलं.

"तुमी म्हणलाव दाखव, मी दाखवलं. समदं दाखव असं कुणी म्हणलं न्हाई."

कौसल्या मागं उभी होती. तिचे केस आता पुरते वाढून अंबाड्यात बसले होते, आणि कडेवर वर्षाचा मुलगा होता. ती हळूच म्हणाली, "हीच?"

"हीच."

"मी वरून कव्हा बगितलीच न्हाई नीट." ती वाकून पाहत राहिली, हात मात्र मागं. "एवढी देखणी?"

"आता वळख धर," धोंडामाय म्हणाली. "पान बग, शेपटावानी वळतं. फूल बग. आन् हे वाळून गेल्यावर खाली काय असतं ते तुला मी सांगायची गरज न्हाई. पोरींना दाखव, सुनांना दाखव. जाळलं म्हणून जहर जात न्हाई. वळख जाती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यावर भरवसा बसला म्हणून न्हाई आणलं, बाई. मह्या मागं कुणाला तरी ठावं असावं म्हणून."

मला त्याचा राग आला नाही. मी म्हटलं, "इथं एक पाटी लावू या. विषारी आहे, खणू नये म्हणून."

"पाटी लावली की खणायला येतेत," धोंडामाय म्हणाली.

कौसल्येनं मुलाला माझ्या हातात दिलं. पदर कमरेला खोचला आणि घळीच्या तोंडाशी पडलेली बोरीची वाळली फांदी ओढत आणली. दुसरी आणली. कपारीच्या तोंडाला ती काट्यांची आडवी वळई रचायला लागली. गुरं कळलावीला तोंड लावत नाहीत, ते काटे माणसांसाठी होते. बोटाला काटा रुतला, तिनं तो दातानं उपटून टाकला आणि पुन्हा फांदी ओढली. थोड्या वेळानं धोंडामायही उठली. मी लेकरू सावलीला बसवलं आणि त्यांना हात लावला. कुंपण छातीइतकं झालं, आतलं काही दिसेनासं झालं.

मग धोंडामाय म्हणाली, संगं उतरलं तर लोक इचारतील. आम्ही तिघी तीन वाटांनी खाली उतरलो.